खोकी माझी, मशीन त्यांचं

६ जानेवारी ८५, रविवार

आज पुन्हा पेटवलं. गडग्यापलीकडे भावजींच्या ओटीवर लांज्याकडचे कुणी पाहुणे होते. भावजींनी ह्यांचं तबकड्या वाजवायचं मशीन टेबलावर मधोमध ठेवून दिवे लावून दाखवले. पाच काचेचे दिवे, आत नारिंगी तार. आवाज काही नाही. येणार कुठून, खोकी माझ्याकडे. पण पाहुण्यांना काय, दिवे बघूनच खूश. "आमच्या दादाने परदेशातून आणलंन," हे भावजी छाती काढून. मग कुणीतरी विचारलं, ह्याचे स्पीकर कुठे? तर म्हणाले, "ते वैनीकडे. ती त्यांच्यावर पापड वाळत घालते."

सगळे हसले. मी दोरीवरचे कपडे काढत होते, गडगा जेमतेम छातीएवढा. मला ऐकू जावं म्हणूनच बोलले.

पापड कधीच घातले नाहीत. कुरडया घातल्या होत्या, एकदा, आणि त्याही खाली फडकं पसरून.

७ जाने.

चौथीला भागाकार शिकवताना वाटणी आठवली. हे बोटीवर विजेच्या कामाला. सुट्टीवर आले आणि छातीत कळ येऊन गेले, ते एक्याऐंशीत. पुढच्या मे महिन्यात वाडीतले चार जाणते वाटणीला बसले. भांडी झाली, कलमं झाली, मग हा सेट. एकत्र घरात आणलेली वस्तू, म्हणजे दोघांची. नग मोजले. मशीन एक, तबकड्यांची पेटी एक, खोकी दोन. चार नग. दोन तिकडे, दोन इकडे. बरोब्बर! चहा झाला, पानं खाल्ली, घरी गेले. जोडीतला एक बैल इकडे न् एक तिकडे कुणी केला नसता, ते कळतं त्यांना. मी दाराआड उभी. अठरा वर्षं नोकरी केलेली बाई, पण मला कोण विचारतो.

तेव्हापासून भावजी वर्षातून दोनदा निरोप धाडतात, खोकी द्या, तुम्हाला काय उपयोग. मी वर्षातून दोनदा नाही म्हणते.

ठरलं. मशीन घ्यायचं. नवं परवडायचं नाही, जुनंच बघायचं. खोकी पडवीत मांडायची, तोंड गडग्याकडे. आणि असं लावायचं की भावजींच्या घशाखाली घास उतरता कामा नये.

१२ जाने., शनि.

सकाळची शाळा आटोपून एक खोकं घेऊन रत्नागिरीला. पाली स्टँडवर कंडक्टर म्हणतो, "बाई, पेटीत काय, आंबे? अजून मोहोर पण नाय." सामानाचं तिकीट फाडलंन मेल्याने.

स्टँडमागे कांबळे रेडिओवाले. त्यांची मुलगी तिसरीत माझ्या हाताखाली होती, त्यामुळे स्टूल मिळालं. खोक्याची पाठ उघडली तर आत कुंभारीण माशीचं मातीचं घर आणि पालीची दोन अंडी. लाज वाटली, जणू माझ्याच घरात कुणी झुरळ काढून दाखवलं. कांबळ्यांनी ब्रशाने हळूहळू साफ केलं. कागदी पडद्याला बोट लावून बघितलं. म्हणाले, "कागद शाबूत आहे बाई. वीस-बावीस वर्षांचा माल, आणि आपल्या ह्या दमट हवेत. तुमचं नशीब." मागच्या पत्र्यावर बारीक अक्षरं होती, ती त्यांनी वाचून दाखवली, पंधरा ओहम, दहा वॅट. ओहम काय ते विचारलं. त्यांनी समजावलं, मला समजलं. इतकं काही अवघड नाही. पावाच्या कागदावर आकृती काढून दिली ती इथे चिकटवली आहे.

हे नेहमी म्हणायचे, "हात लावू नकोस, तुला कळायचं नाही." चौदा वर्षं फक्त धूळ पुसली, तीही बटणं सोडून.

कांबळ्यांनी विचारलं, आवाज कुठवर जायला हवा? म्हटलं, गडग्याच्या पलीकडे. हसले. "त्याला दहा वॅट पुष्कळ."

१४ जाने.

शालूकडे हळदीकुंकू. शालू म्हणजे धाकटी जाऊ. मला बोलावणं नाही, असणारही नाही. दुपारी मंदा तिळगूळ घेऊन आली. भावजींची मुलगी, पण माझ्या मांडीवर अक्षरं गिरवून मोठी झालेली. एकवीस पूर्ण. रत्नागिरीला टायपिंगला जाते. ओल्या केसांची वेणी घालून घेतली माझ्याकडून. "गोड बोल हां काकी," म्हणाली.

तुझ्याशी बोलेन. बाकीच्यांचं बघू.

१९ जाने., शनि.

मांडववाले तात्या आपलं जुनं मशीन विकतायत असं कळलं. गेले. शंभर वॅट! लोखंडी पेटी, वर धरायला कडी. तात्यांनी भोंगा लावून 'हॅलो हॅलो' केलं तर समोरच्या फणसावरचे कावळे उडाले. मला तर भारीच आवडलं. भावजी जेवायला बसलेत आणि पहिला घास... डोळ्यांपुढे आलंच.

तिथून सरळ कांबळ्यांकडे. म्हणाले, नको. खोक्यांचा कागद पहिल्या दणक्यात फाटेल, आणि हे मशीन बोलायसाठी आहे, गाण्यासाठी नाही. मी म्हटलं, पण फाटायच्या आधी एकदा तरी मोठ्याने वाजेल ना?

त्यांनी हातातली कैची खाली ठेवली. "बाई, तुम्हाला गाणं ऐकायचंय की कुणाला ऐकवायचंय?"

दोन्ही, म्हटलं.

खोटं. तेव्हा फक्त दुसरंच हवं होतं.

२७ जाने., रवि.

शाळेतल्या परुळेकर गुरुजींचा भाचा मुंबईहून आला, घरी जोडलेलं मशीन विकायला घेऊन. नवं नाही, त्याने वर्षभर वापरलेलं. पुढच्या बाजूला लाल-हिरव्या दिव्यांच्या दोन रांगा, गाण्याबरोबर नाचतात. माझ्या टेपरेकॉर्डरची वायर त्याला लावली, खोकी जोडली. आधी आलं ते घूंऽऽ. शेजारी पिठाची गिरणी चालू असावी तसं. मग त्यातून गाणं. संध्याकाळ झाली, व्होल्टेज पडलं, दिव्याचा बल्ब पिवळा पडला, तशी गाणारी बाई बुडत चालल्यासारखी. भाचा म्हणतो, स्टॅबिलायझर घ्या. म्हणजे आणखी एक नग.

गुरुजी म्हणाले, पण दिवे बघा किती छान. म्हटलं गुरुजी, दिवे मला नकोत. दिवे तिकडे आहेत.

तरी भावजी गडग्यापर्यंत येऊन डोकावून गेले. मान उंच करून, बदकासारखे. तेवढं समाधान.

२ फेब्रु., शनि.

आज कांबळ्यांकडे जे कळलं ते नीट लिहून ठेवते.

मी सहज विचारलं, ह्या खोक्यांना सगळ्यात चांगलं मशीन कुठलं? म्हणाले, त्यांच्याबरोबर आलेलं. ती जोडीच आहे. ते कुठे आहे? म्हटलं, दिराकडे, शोभेला. दिवे लावून दाखवतात. कांबळ्यांनी एकदम मान वर केली. "खोक्यांशिवाय पेटवतात? वर तबकडी लावतात का?" लावतात. सुईतून मुंगीएवढं ऐकू येतं तेवढं पाहुण्यांना ऐकवतात. "आणि आवाजाचं बटण?" आजवर फार फिरवलं नसावं.

म्हणाले, वाल्वचं मशीन खोक्यांशिवाय वाजवायचं नसतं. गाणं चालू असताना बटण मोठं केलं तर जोर जायला वाट राहत नाही, आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. तसला आता मिळत नाही. "सांगा त्यांना बाई. आजच सांगा."

सांगते, म्हटलं.

३ फेब्रु.

नाही सांगितलं.

सकाळी भावजी विहिरीवर होते. मी कळशी घेऊन गेले. मनात वाक्य जुळवलं होतं. त्यांनीच आधी तोंड उघडलं, "काय वैनी, तुमचा बँड कधी वाजतोय?" आणि शेजारच्या गड्याकडे बघून डोळा मारला.

बरं. मी कळशी भरली, आले.

आता लिहितेच. मला ते मशीन जळायला हवंय. माझ्या हाताने नाही, त्यांच्या. मला काहीच करायचं नाहीये. 'हात लावू नकोस' म्हणत होते ना सगळे, नाही लावत.

९ फेब्रु., शनि.

राजिवड्यात कांबळ्यांच्या ओळखीने. हमीदाखाला, मुलगा आखातात. त्याने नवीन आणल्यामुळे जुनं जपानी मशीन विकायचंय. चंदेरी रंगाचं, जड, वीस-वीस वॅट. दिवा एकच, बारीक. कांबळ्यांनी मागचा खटका दोनशेवीसवर आहे ना ते आधी बघितलं, मग मधे बल्ब लावून वीज दिली. बल्ब भक्कन पेटून मंद झाला म्हणजे आतून ठीक, हे आता मला पाठ आहे. आवाजाचं बटण फिरवलं की करकर करतं. खाला लगेच, "म्हणून तर स्वस्त देतंय, बाय. खोटं कशाला सांगू? समुद्राची हवा लागली."

कांबळे म्हणाले, करकर म्हणजे नुसता मळ, स्पिरिटने जाईल. पंधरा ओहमला हे चालेल, जरा कमी जोर मिळेल इतकंच, पण खोक्यांना इजा नाही. हेच घ्या. पंधराशे सांगितले, अकराशेवर आली. भिशी मार्चमध्ये लागते, तोवर ठेवते म्हणाली. निघताना बोंबलाचं कालवण चाखायला लावलंन, वर म्हणाली, "आमच्याकडे कधी मोठ्याने लावलान नाय त्याने. शेजाऱ्यांना त्रास नको."

मी हात धुऊन गाडी पकडली.

१० फेब्रु., रवि.

मंदा सकाळीच आली. पुढच्या रविवारी बघायला येतायत. मुलगा रत्नागिरीत बँकेत. हिने त्याला टायपिंगच्या क्लासखाली पाहिलेलं आहे. त्यानेही हिला. लग्नानंतर नोकरी करायला हरकत नाही असं आपणहून म्हणालाय. ह्याआधीची दोन स्थळं रंगावरून गेली, तेव्हा ही तोंड उघडून काही बोलली नव्हती. आज बोलली. "काकी, हे व्हायला हवं गो."

मग खाली मान घालून, "बाबा म्हणतायत त्या दिवशी मशीन लावू. त्यांच्याकडची माणसं गाण्याची शौकीन आहेत. तुझी खोकी एक दिवसापुरती देशील?"

नाही, म्हटलं. लगेच. इतक्या झटकन की मलाच...

"एकच दिवस, काकी. मी स्वतः परत आणून ठेवीन."

म्हटलं, तुझ्या बापसाला येऊन मागू दे. पाहुण्यांसमोर हसले होते ना, मग पाहुण्यांसाठीच मागू दे.

ती उठली. तिला ठाऊक आहे बापूस येणार नाही. मलाही. दारातून म्हणाली, "मग नुसतंच लावतील. बटण मोठं केलं की सुईतून थोडं जास्त येतं म्हणे."

ह्या वाक्यानंतर मी बोलायला हवं होतं. माझ्या हातात तिची रिबीन होती, विसरलेली. ती घेऊन दारात उभी राहिले. खळं ओलांडून ती गेली.

१७ फेब्रु., रवि.

झालं.

चार वाजता पाहुणे आले. मुलगा, आई, मामा. मी मागच्या दारी चुलीपाशी, कान तिकडे. कांदेपोहे, चहा, मंदाला बसवलं, नाव-गाव विचारलं. मग भावजींचा आवाज, "आता जरा आमचं मशीन बघा." तबकडी लावली असावी. शांतता. कुणीतरी, "ऐकू येत नाही हो." भावजी, "थांबा, थांबा, मोठं करतो." मग फट्! आणि शालू ओरडली. घरातली वीज गेली. गडग्यावरून धूर आला, जळक्या लाखेचा आणि तेलाचा वास. मुलाच्या आईचा आवाज स्पष्ट आला, "अरे देवा, शुभकार्यात धूर."

मी हसले. लपवत नाही. पदर तोंडात कोंबून हसले, पोट दुखेपर्यंत. मग शिरा केला. तूप सढळ घातलं. एकटीने वाटीभर खाल्ला.

पाहुणे पाखाडीने खाली उतरले तेव्हा बघायला पुढे गेले. मुलगा सगळ्यात मागे होता. मंदा ओटीच्या खांबाला धरून उभी, साडी नेसलेली, माझीच मोरपंखी, गेल्या दिवाळीला दिलेली. तिने माझ्याकडे बघितलं आणि हात हलवला. जणू मीच तिच्या बाजूची.

उरलेला शिरा चुलीत टाकला.

१८ फेब्रु.

धूर म्हणजे अपशकुन हे मी मानत नाही. शाळेत मुलांनाही सांगते, मांजर आडवं गेलं तर मांजराला काम असतं. पण मुलाची आई मानते हे मला माहीत नव्हतं का? कुणाची आई मानत नाही?

भावजींचं काहीही होवो. त्यांच्याबद्दल मला कणभर वाईट वाटत नाही. हे वेगळं लिहून ठेवते, घोळ नको.

२६ फेब्रु.

तिकडे मुलाकडचं पत्र आलं. पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळवली होती, पाहायला यायच्या आधी. शालूने विहिरीवर सांगितलं. डोळे सुजलेले. "अक्का, हे दोन दिवस धड जेवलेले नाहीत. म्हणतात, माझ्याच हाताने पोरीचं वाटोळं केलं." माझी इच्छा होती ना घास उतरू नये अशी. गाण्याशिवायच झालं.

मंदा येत नाही. क्लासला जाते, येते. खालच्या वाटेने.

२ मार्च, शनि.

खालाकडचं मशीन आणलं. भिशी लागली होती, शब्द दिला होता. कांबळ्यांनी बटणं साफ करून दिली, मागे तारा कुठल्या कुठे त्यावर चिकटपट्ट्या लावून अक्षरं लिहिली. गरज नव्हती, मला येतं. जाताना विचारलं, "दिरांना सांगितलंत ना त्या दिवशी?"

मान हलवली. होय की नाय ते कळू नये अशी.

३ मार्च, रवि.

पडवीत मांडलं. खोक्यांची तोंडं गडग्याकडे, ठरल्याप्रमाणे. ह्यांचा फोटो भिंतीवर आहे तो मुद्दाम सरळ केला. बघा म्हटलं, हात लावतेय. सगळ्या बटणांना लावतेय. कळतंय मला सगळं, तेव्हाही कळलं असतं.

सनईची कॅसेट लावली. बटण अर्ध्यावर नेलं, मग पाऊणावर.

काय आवाज! करकर नाही, घूं नाही. सनई पडवीतून निघून खळ्यात जाऊन बसली. मला क्षणभर भावजींचा विसरच पडला. हे चौदा वर्षं असं ऐकत होते आणि मी आत भाकऱ्या भाजत होते. राग आला तो त्यांचाच, मेलेल्या माणसाचा. खूप दिवसांनी, आणि अगदी ताजा.

मग बघितलं. भावजी खळ्यात आले होते. मी कंबर कसली. या, बोला, शिव्या द्या. तर ते गडग्याला पाठ लावून उकिडवे बसले. पहिली बाजू संपेपर्यंत बसले. संपल्यावर तिकडूनच, न वळता म्हणाले, "दादा लावायचा तसंच वाजतंय, वैनी." आणि उठून आत गेले.

मला हे नको होतं. मला जळणारा माणूस हवा होता, ऐकणारा नको. एवढा खर्च, एवढे शनिवार, आणि सूड घ्यायचा तो माणूस असा डोळे पुसत...

दुसरी बाजू लावली नाही.

७ मार्च

होळी. सगळी वाडी बोंबा मारत होती. वर्षातून एकदा ज्याच्या नावाने हवी त्याच्या नावाने बोंब मारायची मुभा. दरवर्षी मी मनातल्या मनात भावजींच्या नावाने मारते, यंदाही तोंडाशी हात नेला. होळीच्या पलीकडे मंदा उभी होती, आईचा हात धरून.

हात खाली घेतला. कुणाच्या नावाने मारणार?

१६ मार्च, शनि.

कांबळ्यांनी निरोप धाडला म्हणून गेले. म्हणाले, तुमची पुतणी येऊन गेली. तिच्याकडचं जळलेलं मशीन बघाल का विचारत होती. सोमवारी आणतेय. "बाई, तुम्ही सांगूनही त्यांनी बटण फिरवलं?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. मी सांगून टाकलं. नाही सांगितलं, म्हटलं. त्यांनी काही विचारलं नाही, मीच बोलत सुटले. वाटणी, चार नग, पापड, विहीर. सगळं. पोरीचं ठरत होतं हेही. ते एका रेडिओची काच पुसत ऐकत होते.

मग मी म्हटलं, आणि हे म्हणताना मला माझीच किळस आली, "तिच्यासमोर तो विषय काढू नका."

कांबळ्यांनी काच बाजूला ठेवली. अगदी शांतपणे म्हणाले, "मी खोटं बोलणार नाही बाई. विचारलं तर सांगेन. नाही विचारलं तर गप्प बसेन. तुमच्यासारखंच."

परतीच्या गाडीत हातखंब्यापर्यंत कान तापलेले. त्यांचा राग यायला हवा होता. नाही आला.

१७ मार्च, रवि.

मंदा आली. महिन्याने. पडवीत मशीनसमोर उभी राहिली, चंदेरी पत्र्यावरून बोट फिरवलं. वाळली आहे. म्हणाली, "त्या दिवशी ऐकलं आम्ही सगळ्यांनी. आई पण."

मी चहा टाकला. ती चुलीपाशी येऊन बसली, लहानपणी बसायची तशीच, पाटावर पाय दुमडून. बाबा मशीन भंगारात द्यायला निघालेत. तिने अडवलंय. दुरुस्त होत असेल तर करायचं, मग खोकी आणि ते एकत्र लावू, कुठल्या घरात लावायचं ते लावू, तिला काही फरक पडत नाही. उद्या कांबळ्यांकडे नेतेय.

"जड आहे गो. तू येशील?"

मी म्हटलं, बाप का नाही जात?

"त्यांना लाज वाटते. तेच म्हणाले, वैनीला घेऊन जा, त्यातलं तिला कळतं."

वैनीला कळतं. चौदा वर्षं नवरा, तीन वर्षं दीर, वाटणीचे ते चार जाणते, सगळ्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं हे वाक्य. त्यासाठीच तर... आणि आलं ते असं, हिच्या तोंडून, आज.

चहा गाळला. कपात निम्मा, बशीत निम्मा. मंदाने फडकं घेऊन पुसलं. पुसता पुसता म्हणाली, "काकी, आधी तुलाच विचारलं असतं तर जळलं नसतं ना?"

"नसतं," म्हटलं.

ती बघत राहिली माझ्याकडे. मी वर बघितलं नाही. मग तिने कप विसळून पालथे घातले. "साडेसातची गाडी पकडू," म्हणाली आणि गेली, ह्या वेळी खळ्यातून.

रजेचा अर्ज लिहून ठेवला. सांगायचं तर गाडीतच सांगावं लागेल, स्टँड यायच्या आत. पाली ते रत्नागिरी पाऊण तास. मशीन दोघींच्या मांडीवर असणार.